दाजींच्या तीन पंगती

तासभर उशिरा येऊन वर "ताई, पाना विसरलो" म्हणणाऱ्या प्लंबरला मी चांगलं फैलावर घेतलं होतं, तेवढ्यात नीलेशचा फोन आला. नीलेश म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, हिंजवडीला कंपनीत असतो. "मावशी, अण्णा गेले गं. सकाळी बांधावर बसले, ते उठलेच नाहीत," म्हणाला. मी त्यालाच रागावले, "काहीतरीच काय बोलतोस!" कारण आदल्याच रविवारी त्याच्या अण्णांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, फोनवर माझ्याशी सीताफळांवरून कडकडून वाद घातला होता. मी म्हणत होते, गेल्या वर्षीची जास्त गोड होती, ते म्हणत होते, "न्हाई मेहुणीबाई, यंदाची खाऊन तर बघा." असा माणूस जातो का कुठे? प्लंबर बिचारा माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला उद्या यायला सांगितलं आणि मी खाली बसले...

कसब्यात वाढलेली आमची ताई खडकवासल्याच्या पलीकडच्या गावात दिली, तेव्हा आमच्या आळीतल्या बायकांनी नाकं मुरडली होती. बोळातली पोर, मोकळ्या रानात करमेल का तिला? दाजी तेव्हा कारखान्यात फिटर होते. रोज स्कूटरवरून शिफ्टला जायचे नि घरी आले की तसेच रानात. नोकरी सुटली त्या महिन्यातच त्यांनी डोंगराच्या अंगाला असलेल्या अडीच एकरांत झाडं लावायचा सपाटा लावला. पेरू, अंजीर, सीताफळ, ओढ्याच्या कडेला जांभळं. झाडं लागली तसे पाहुणेही लागले. सशांनी कोवळ्या खोडांची साल सोलली, रानडुकरांनी आळी उकरली आणि पहिले पेरू धरले तेव्हा पोपटांनी एकही फळ धड ठेवलं नाही. आजूबाजूच्या लोकांनी फटाके लावले, कुणी तारेत करंट सोडला. दाजींनी काय करावं? ओढ्याकडची सगळ्यात कसदार पट्टी त्यांनी जनावरांसाठी पेरायचं ठरवलं. "त्यांचंच रान हाय हे. आपण मागनं आलो. निदान जेवायला तरी घालू," असं त्यांचं म्हणणं. ताईचा नुसता तिळपापड झाला. "घरात मेथीची जुडी विकत आणायची नि तुम्ही डुकरांना अन्नछत्र घाला!" हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे.

त्यातून पहिल्या वर्षी दाजींचा अंदाज साफ चुकला. त्यांनी ज्वारी पार पेरूच्या बुंध्यांपर्यंत पेरली आणि तीही एका दिवसात. कणसात दूध भरलं तसे पोपट, चिमण्या, मोर, सगळे एकदम लोटले. आठवड्यात पट्टी फस्त! मग समोरच पेरू. ज्वारी त्यांनी कोशिंबिरीसारखी चाखली आणि जेवण पेरूवर केलं. "वाढा अजून," एवढंच ताई म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर कसब्याचाच होता! पुढच्या वर्षी मात्र मी गेले तेव्हा पट्टी पेरूंपासून लांब, थेट ओढ्याला लागून सरकली होती आणि तिचे तीन तुकडे दिसत होते. एकात ज्वारी गुडघाभर, एकात वीतभर, एकात नुसती उगवलेली. मी विचारलं, हे असं का? दाजी मलाच विचारायला लागले, "मेहुणीबाई, लग्नात सगळी माणसं एकदम जेवायला बसवली तर काय होतं?"

"भात संपतो," मी म्हटलं.

"मग? पंगती पाडायच्या. पहिली उठंपर्यंत दुसरी तयार पाहिजे, दुसरी उठंपर्यंत तिसरी. तवर आपले पेरू उतरून होत्यात."

गणपती गेले की पहिली पंगत पेरायची, मग आठ-आठ दिवसांनी पुढच्या दोन. सशांना दुसऱ्या टोकाला लसूणघास. एवढ्याने सगळं वाचलं असं मुळीच नाही हं. माकडांनी कुठलीच पंगत कधी मानली नाही, ती थेट मुदपाकखान्यात घुसायची. पण पेरूच्या पाट्या भरायला लागल्या, डुकरं ओढ्यापाशीच रमायला लागली आणि ताईची बडबड थोडी... अगदी थोडी कमी झाली.

त्या पट्टीचा एक नियम होता. घरच्या माणसानं तिथलं कणीसही मोडायचं नाही. आम्हाला शहरी लोकांना हे कुठलं माहीत! एका पौषात आमचं सगळं लटांबर तिकडे गेलं. दाजी पेरू घेऊन मार्केटला गेलेले, ताई आत शेंगदाण्याची चटणी कुटतेय. आमच्या ह्यांनी ओढ्याकडची टपोरी कणसं पाहिली आणि जाहीर केलं, "दाजींनी हुरडा खास आपल्यासाठी राखलेला दिसतोय." झालं! गोवऱ्या पेटल्या, कणसं भाजली, चटणी आली, गूळ आला. ताईला वाटलं, कणसं शेजारच्या रानातून मागून आणली असतील. दाजी परत आले. ज्वारीची मोडलेली ताटं त्यांनी पाहिली, पण आवाज चढवला नाही. ह्यांच्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "काय साडूभाऊ, गोड होता का हुरडा?"

"अहो, अमृत!"

"बरं झालं. आता उद्या जरा लवकर उठा. ज्यांची पंगत तुम्ही जेवला, ती मंडळी पेरूवर येणार. राखण तुमच्याकडं."

आणि खरंच हो, दुसऱ्या दिवशी उजाडताना आमचे हे, जन्मभर बँकेच्या खुर्चीत बसलेला माणूस, कानाला मफलर बांधून पेरूखाली स्टीलचं ताट बडवत उभे! गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा त्यांनी कधी इतकं वाजवलं नव्हतं. दाजी ओट्यावर चहा पीत हसत होते. शिक्षा म्हणून नव्हे, पण त्या दिवसापासून हे दरवर्षी आपणहून राखणीला जायला लागले. दाजी असे होते. माणसाला न दुखवता कामाला लावायचे.

तेराव्यानंतर नीलेशने मला बाजूला घेतलं. आईने आता इथे एकटीने राहू नये, आपल्याकडे हिंजवडीला यावं, असं त्याचं म्हणणं. आसपासच्या सगळ्या रानांचे प्लॉट पडलेत, रंगीत फाटकं लागलीत, यांच्याही जमिनीला विचारणारे येऊन गेले होते. "मावशी, मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. अण्णा होते तोवर ठीक होतं. तिला रात्री काही झालं तर?" पोराचं काय चुकत होतं? मीसुद्धा मान डोलावली. ताई फक्त "बघू" म्हणाली. आमच्या ताईचं "बघू" म्हणजे हो की नाही, ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. शेवटी गणपती उरकल्यावर तिला न्यायचं ठरलं. नीलेशने तिच्यासाठी खोली लावली, खिडकीत तुळस ठेवली. माझ्या मात्र मनात एक किडा वळवळत होता. गणपतीनंतर म्हणजे पहिल्या पंगतीची वेळ. यंदा पट्टी रिकामी राहणार. नेहमीच्या वेळेला ती सगळी जनावरं-पाखरं डोंगरावरून उतरणार, आणि दाजी गेलेत हे त्यांना कोण सांगणार? असल्या विचाराने रडू येतं का माणसाला? मला आलं.

ठरल्या दिवशी नीलेशच्या गाडीतून आम्ही गेलो. ओट्यावर बॅग भरून ठेवलेली, दाराला कडी आणि ताईचा पत्ता नाही. हाका मारत ओढ्याकडे गेलो तर बाईसाहेब पदर खोचून, ओटीत बी घेऊन ओळीत टाकतायत. आम्हाला बघून म्हणाली, "आलात? थांबा, एवढी ओळ होऊ दे."

"आई, अगं आपल्याला निघायचंय ना?" नीलेश म्हणाला.

"निघायचंय की. पण ही पहिली झाली, दुसरी आठ दिवसांनी पेरायची. तिसरी त्याच्यापुढं आठ दिवसांनी. मग कणसं भरतात, तेव्हा पेरूवर लक्ष ठेवावं लागतं. पेरू उरकले की अंजीर हायेच." ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तूच सांग, मधे यायचं कधी मी?"

मला राहवेना. म्हटलं, "जन्मभर या पट्टीला नावं ठेवलीस ना गं?"

"ठेवली. अजून ठेवते. एवढी सोन्यासारखी जमीन डुकरांच्या घशात घातली या माणसानं!" असं तणतणत ती बोलली आणि बोलता बोलता खोचलेला पदर सोडून डोळे पुसायला लागली. दाजी गेल्यापासून ती चारचौघांत रडली नव्हती. "पण वाट बघतील गं ती... आणि मी तिकडं आठव्या मजल्यावर बसून काय करू? इथं निदान त्यांनी सांगितलेलं काम तरी हाय."

मी तिला जवळ घेतलं. मागे वळून पाहते तर नीलेश बूट काढून, पॅंट दुमडून ओळीच्या तोंडाशी उभा. "किती खोल टाकायचं?" त्याने विचारलं. "दोन बोटं," ताई म्हणाली आणि ओटीतलं मूठभर बी तिने त्याच्या हातात दिलं.

बॅग त्याच संध्याकाळी रिकामी झाली. जमिनीचं पुढे काय, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. पण विचारायला येणाऱ्यांना नीलेश सध्या "आमचं पेरणीचं चाललंय" म्हणून परत पाठवतो. दर शनिवारी तो मुक्कामाला जातो. दुसरी पंगत त्याने एकट्याने पेरली आणि मला अभिमानाने फोटो पाठवला. ओळ अशी वाकडी की बघवत नव्हती. मी ताईला फोन करून म्हटलं, "अगं, लेकाला जरा दोरी धरायला तरी शिकव."

"राहू दे गं," ताई म्हणाली. "जेवणारे काही म्हणत नाहीत."