ब्रेक दाबायला अण्णा नाही

मंडळी, आज जुन्या पिकपच्या ब्रेकमधली हवा एकट्याने काढली.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास कातळावरच्या वाटेने तिचं नाजूक पुढचं सस्पेन्शन सारखं मोडायचं. शेवटी माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे अण्णाने, आणि मी ते उपटून जुन्या जीपचा अख्खा एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट बसवला. तेव्हापासून ब्रेकमधली हवा काढायची तर पेडलवर अण्णा, गाडीखाली मी. मी ओरडायचो, “दाब!” वरून यायचं, “दाबलाय रे!” मगच मी हवा जायला नट सैल करायचो.

अण्णा गेल्या वर्षी गेला. आज पेडलला काठी लावून ती सीटला अडकवली, खाली शिरलो आणि सवयीने ओरडलो, “दाब!” पाना धरून कितीतरी वेळ उत्तराची वाट बघत पडलो.

मागच्या चाकांचे ब्रेक उद्या करायचेत. इथे आमच्या भाट्याजवळ कोणी राहतं का? ब्रेक काठी दाबते. नुसतं “दाबलाय रे” म्हणायला याल?