पट्ट्याला एक पीळ

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं सासुरवाडीत जाऊन शेण खावं एकवेळ, पण ते साउंड बॉक्स लावून खाऊ नये. मी खाल्लं. साऱ्या गल्लीनं ऐकलं.

ब्रह्मपुरीला माझी धान सडून तांदूळ काढायची गिरणी आहे. मोटार, पुली आणि पट्टा यांच्यातच हयात गेली, त्यामुळे जी वस्तू फिरते ती आपल्याला दुरुस्त करता येते, असा माझा पक्का समज. सुनीता, म्हणजे आमची बायको, याला रोग म्हणते. तिच्या मिक्सरचं काय झालं ते कृपा करून विचारू नका.

तर आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे. आरमोरीजवळच्या त्यांच्या गावात नाटकमंडळीत गायचे. तरुणपणी कोणा हौशी माणसानं त्यांना नागपूरला नेऊन एका पदाची रेकॉर्ड करून दिली होती. मामाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मामीजींनी ती तबकडी लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलेली. वाजवायला घरात मशीन नाही, आणि रेकॉर्ड कोणाला घराबाहेर नेऊ देतील तर शपथ! "एकडाव त्याईचा आवाज कानावर पडला पायजे," एवढंच म्हणायच्या बिचाऱ्या.

मी एकदा भर पंगतीत बोलून बसलो, "मामीजी, या मंडईले तुमाले मामाजीचं गाणं ऐकवतोच!"

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दिवसा बाजार, रात्री नाटक. त्या दिवशी जावई म्हणजे राजा. राजानं शब्द दिला म्हटल्यावर माघार कशी घ्यायची?

भंगारवाल्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर सापडला. मी गिऱ्हाइकी थाटात सगळं तपासलं. सुईला बोट लावलं, खरखर आली. सुईचा दांडा हलवून पाहिला, ठीक. वरची थाळी उचलली, तर आतल्या रबरी पट्ट्याचा पार गुळाचा पाक झालेला. मला तर आनंदच झाला! पट्टा? अहो, पट्टा म्हणजे आपलं खातं!

सायकलच्या जुन्या ट्यूबमधून पट्टा कापला. तो निघाला ढिला. मग गिरणीतली विद्या वापरली. पट्टा ढिला असला की मध्ये एक पीळ द्यायचा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. पकड घट्ट बसते. माझ्या गिरणीत मोटार अडचणीच्या बाजूला आहे, त्यामुळे तिथला पट्टासुद्धा पीळ देऊनच चालतो. सरळ पट्टा मी जन्मात बसवलेला नाही. वरून थोडी राळ चोळली, बटण दाबलं. थाळी अशी झोकात फिरली की मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मंडई आणि भाऊबीज नेमकी एकाच दिवशी आली. दुपारी ओसरीवर मशीन मांडलं. साळा प्रमोद लग्नात गाणी वाजवतो, त्यानं आपला तो मोठा साउंड बॉक्स जोडला. मामीजी नवं लुगडं नेसून मामाजींच्या हार घातलेल्या फोटोखाली बसल्या. गल्ली गोळा झाली.

मी सुई काठावर ठेवली. सुई टुणकन बाहेर! परत ठेवली, परत बाहेर.

"भाऊ, काऊन पडून राह्यली?" प्रमोद.

"अबे, जुन्या रेकॉर्डी आतून सुरू होतात," मी ठोकून दिलं. का ठोकलं? जावई होतो ना!

सुई आतल्या कडेला ठेवली. आणि आवाज आला! पुरुषाचाच होता, पण गाणं म्हणावं तर काय होतं ते! प्रत्येक शब्द आधी फुगायचा आणि मग गिळल्यासारखा तोंडात परत जायचा.

मामीजी हळूच म्हणाल्या, "हे कोनती बोली हाय, जवाईबापू?"

आता बघा हं, इथं मला "थांबा, काहीतरी बिघडलंय" म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तेलुगू वाटते."

प्रमोदचा एक दोस्त तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंच्याहून आला होता, व्यंकटीभाऊ. त्यानं कान लावला. "नाई जी, तेलुगू नाई. मले गोंडी बी येते, गोंडी बी नाई."

मामीजींचा चेहरा बदलला. "एक साल दिवाळीले घरी नव्हते आले. दूर नाटक हाय म्हने. मंग तिकडं कोनाजवळ शिकले हे बोली?"

"आई, का बोलून राह्यली तू!" प्रमोद कळवळला.

आणि मी? मशीनची इज्जत वाचवायला मी काय बोललो असेन? "मामीजी, माणसाचं सांगता येत नाई. मशीन खोटं बोलत नाई."

संपलं! मामीजी उठल्या, फोटोचा हार काढला आणि मामाजींचं तोंड भिंतीकडं केलं. "इतके वर्सं तुमच्या नावानं दिवा लावून राह्यली मी!" गेलेल्या माणसाचा संसार मी अर्ध्या तासात मोडला.

सुनीता तेवढ्यात ओवाळणीचं ताट घेऊन आली. भावाला लवकर ओवाळलं तर भांडण थांबेल, असं तिला वाटलं. प्रमोद मशीनशेजारीच पाटावर बसलेला. तिनं ताट फिरवायला घेतलं आणि मध्येच थांबली.

"अहो, माझं ताट एकीकडं अन् तुमची थाळी दुसरीकडं काऊन फिरून राह्यली?"

मी थाळीकडं पाहिलं. ताटाकडं पाहिलं. पिळाचा पट्टा पुली उलटी फिरवतो, हे गिरणीत धान आणणाऱ्या बैलालाही कळावं!

घाईघाईनं थाळी काढली. पट्टा सरळ केला तर ढिला पडला. सुनीतानं वेणीचं रबर सोडून हातात दिलं, तेच बसवलं. सुई काठावर ठेवली. या वेळी मुकाट बसली.

आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग मामाजी स्वच्छ बोलले, "हे पद आमच्या घरच्या लक्ष्मीसाठी." आणि गायला लागले.

मामीजी हसत होत्या, रडत होत्या. फोटो सरळ केला, हार घातला, पदरानं काच पुसली. "का का बोलली जी मी तुमाले!" पद त्यांनी परत परत लावायला लावलं. माझेही डोळे भरले, लपवत नाही.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "जवाईबापू, औंदाचं धान तुमच्या गिरणीत नाई पाठवत. तुमचं काई खरं नाई. तांदूळ टाकला तं धान बाहेर यायचं!"

सारी गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो. म्हटलं, म्हातारीनं थट्टा केली.

थट्टा कसली! पंधरा दिवसांनी प्रमोदचा पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर माझ्या गिरणीसमोरून गेला, शेजारच्या गिरणीत. वर बसलेल्या मामीजींनी मला हात हलवून दाखवला, आणि तोही उलटा फिरवून!