कापसाची छाती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर त्याची छाती कशी दाबायची — सीपीआर — हे नववीला शिकवायचं म्हणून मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथला रबरी पुतळा आमच्या शाळेला परवडणारा नव्हता. त्यावर तिथल्या बाईंनी स्वस्त उपाय दाखवला: जुन्या शर्टात चिंध्या ठासायच्या आणि छातीच्या जागी कडक प्लास्टिकची रिकामी बाटली ठेवायची. बाटली कटकन वाजली, तरच दाब पुरेसा.

बाहुली मी चांगली बनवली. पण आत बाटली आहे हे पोरांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या दाबानं ती एकदाही वाजेना. दहा दाबांत निम्मा वर्ग धापा टाकायचा — आणि दोन दिवसांवर साहेबांची शाळाभेट. मग काय केलं? बाटली काढली. आमच्याकडे कापसाला काय तोटा? वर्गातल्याच एकीच्या घरून पिशवीभर मागवला, त्या जागी भरला. भेटीच्या दिवशी सगळ्यांचे हात अलगद खाली जात होते, आकडे एका सुरात. साहेब खूश. मीही खूश — खोटं कशाला बोलू?

बाटली परत घालायची होती. राहून गेलं. कंटाळा, दुसरं काय.

कापूस जिच्या घरचा, ती वैष्णवी. एकदा वर्गात विंचू निघाला तेव्हा सगळे बाकांवर चढले होते, मी खुर्चीवर. हिनं शांतपणे त्याच्यावर डबा पालथा घातला होता.

त्याच हंगामात, वेचणी चालू असताना, तिचे वडील शेतात कोसळले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती त्यांची छाती दाबत राहिली. वेचणाऱ्या बायांनी मला नंतर सांगितलं — पोरगी मोठ्यानं आकडे मोजत होती, तीस झाले की पुन्हा एकपासून. रडली नाही, थांबली नाही. हात मात्र हलका होता. वडील गेले.

तेरवी झाल्यावर ती शाळेत आली. वर्ग सुटला तरी माझ्या टेबलापाशी उभी.

"सर, माह्यं काय चुकलं?"

बाहुली समोरच्या कपाटावर पडलेली. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "तू घाबरली असशील, बाई."

तिनं मान हलवली. पटलं तिला — सरांनी सांगितलं होतं ना. खरा घाबरलेला कोण होता, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जोरात दाबूनही ते वाचले नसते, असंही असेल. पण तिनं विचारलं होतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी मी बाटली परत घातली. आता वैष्णवी बारावीला आहे. परवा नववीचा सराव चालू असताना मी तिला लहानांना दाखवायला बोलावलं. ती दारातच थांबली. "नको सर. माह्याच्यानं नाही होत. मले लय भेव वाटते."

आत बाटली कटकन वाजली. पुन्हा वाजली. ती ऐकत राहिली.

"सर, हे काय वाजून राह्यलं?"

"नवीन बाहुली आहे," मी म्हणालो.

बाहुली तीच आहे. बाटलीभोवतीचा कापूसही तिच्याच शेतातला आहे.