बांधावरचा मोर्चा

वडगाव रासाईच्या माणसाला बांधाचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. म्हणून जम्मूच्या सीमेवर पोस्टिंग झाली तेव्हा कॅप्टनसाहेब म्हणाले, "हवालदार, गावातला तंटा तुम्ही बघा." घरातली पोरं अजून विचारतात, तुम्ही किती शत्रू मारले? खरं सांगतो, मी रेडिओ सांभाळला आणि लस्सी प्यायलो.

सीमेवरच्या त्या गावातली सगळी कुटुंबं फाळणीत पलीकडून आलेली. तिकडं सुटलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारनं तारेलगत तुकडे दिलेले. प्यारासिंग आणि बनारसीदास हे दोन म्हातारे शेजारी. मधल्या बांधाची चार हात पट्टी दोघंही आपलीच म्हणत. आम्हाला त्याच भागात मोर्चा, म्हणजे लपून लढायचा खंदक, खोदायचा होता.

"फौजी, देश के लिए जान हाज़िर," प्यारासिंग म्हणाले, "पर मोर्चा उसके खेत में खोदो."

बनारसीदासांची निष्ठाही तितकीच पक्की. फक्त ती प्यारासिंगांच्या गव्हातून जात होती.

आमचा नाईक बबन दौंड तालुक्यातला, पाटसचा. म्हणाला, "दादा, पट्टीतच खोदू. भांडान मिटंल."

खोदला. भांडण मिटलं नाही. दोघं वेगवेगळी लस्सी घेऊन यायचे आणि विचारायचे, मोर्चा कुणाच्या रानात आहे? मी दोन्ही ग्लास संपवायचो आणि सांगायचो, "सरकारच्या."

गहू कापणीला आला आणि एका सकाळी गोळाबारी सुरू झाली. गाव रिकामं करायचा हुकूम आला. बायापोरं ट्रकमध्ये बसली. हे दोघं मात्र विळे घेऊन पट्टीवर. एक हलला की उरलेला गहू दुसरा कापणार!

"म्हातारे कुठं आहेत? ओव्हर," रेडिओवर कॅप्टनसाहेब.

"बांधावर, सर. ओव्हर."

"कुणाच्या बांधावर?"

"सर, वाद तोच आहे. ओव्हर."

बबन धावला. प्यारासिंगांना खांद्यावर टाकून मोर्च्यात आणलं. परत गेला. बनारसीदासांना आत ढकललं. तो स्वतः आत आला नाही. तोफगोळ्याचा छर्रा मानेत लागला होता. मोर्च्यात दोघं म्हातारे एकमेकांचा हात धरून बसले होते. मी रेडिओवर रिपोर्ट दिला.

पुढच्या वर्षी बबनच्या आईला, अनसूयामावशींना, मी तिथं घेऊन गेलो. आता वाद उलटा झाला होता. प्यारासिंग म्हणाले, बबन माझ्या रानात पडला, आई माझ्याकडं जेवणार. बनारसीदास म्हणाले, रान माझं, जेवणही माझ्याकडंच. दोन्ही घरी स्वयंपाक तयार. साक्षीदार मी. दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"काय म्हनत्यात रं?" मावशींनी विचारलं.

मी सांगितलं. त्या हसल्या. मग पदर सावरून तिथंच मातीवर बसल्या.

"त्यास्नी सांग, ताटं हितंच आना. ही जागा माझ्या बबनची हाय."

मी ते हिंदीत सांगितलं. त्या पट्टीवरच्या हक्काला पहिल्यांदाच दोघांपैकी कुणीही हरकत घेतली नाही.