गधडोबा अहिराणी बोलायचा

धुळ्याला देवपुरात राहत होतो तेव्हाची ही गंमत. ऐंशीच्या दशकाची अखेर, भाड्याच्या दोन खोल्या आणि नवाकोरा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रविवारी सकाळी त्यावर एक छोटंसं कार्टून लागायचं आणि आमची चार वर्षांची मनू दात घासायच्या आधीच टीव्हीसमोर मांडी ठोकायची.

कार्टून कुठल्या देशातलं होतं देव जाणे! एक छोटं गाढव, पाठीवर टोपली. कुणाकडे मध पोचवायचा, कुणाची हरवलेली टोपी शोधून द्यायची आणि संध्याकाळी आपल्या घरी… बस्स. मारामारी नाही, आरडाओरडा नाही, आणि बोलणं तर मुळीच नाही. नुसती बासरी वाजत राहायची.

यात पोरीला एवढं काय दिसतं, असं मी म्हणायचे. आणि पोह्यांखालचा गॅस बारीक करून स्वतःच दारात उभी राहायचे…

त्या हिवाळ्यात सासरे, म्हणजे आबा, आमच्याकडे आले होते. धरणगावजवळच्या खेड्यात सगळा जन्म कपाशीत गेलेला माणूस. सासूबाई गेल्यावर घरात एकटेच उरले, म्हणून आमच्या ह्यांनी हट्टाने इकडे आणलं.

पण आबा गप्प गप्प. आजूबाजूला सगळे नोकरदार, शुद्ध मराठी बोलणारे. आपली अहिराणी ऐकून लोक हसतील असं त्यांना वाटायचं. भरलेली पिशवी कायम खाटेखाली तयार. थांबा म्हटलं की एकच सवाल, "मनं आठे काय काम शे, माय?"

इथे माझं काय काम, म्हणे! ते गेले तर त्या रिकाम्या घरात एकटे कसे राहतील, या काळजीने माझा जीव खालीवर व्हायचा.

एका रविवारी कार्टूनमध्ये बर्फ पडला. सगळं रान पांढरंशुभ्र आणि त्यातून आमचं गाढव आपलं डुगूडुगू चाललंय. आणि खाटेवरून एकदम खणखणीत आवाज आला, "अरे गधडा, कथा चालना रे भो? बठ्ठी कपाशी फुटनी… आते वेचाले कोन येई?"

मनू अशी हसली, अशी हसली की लोळायचीच बाकी राहिली. हे म्हणाले, "आबा, तो बर्फ आहे." आबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बरफ गाडीवर ऱ्हास, वावरमा नही!" गोळेवाल्याची गाडी सोडून आबांनी बर्फ पाहिलाच कुठे होता? एवढं पांढरं रान म्हणजे बठ्ठी, सगळीच्या सगळी कपाशी फुटलेली!

त्या दिवसापासून गाढवाचा झाला गधडोबा, आणि तो आबांच्या आवाजात अहिराणी बोलायला लागला. कार्टूनमधल्या बदकिणीच्या दारात जाऊन म्हणायचा, "माय वं, भूक लागनी, भाकर शे का?" आणि बदकीण म्हणायची, "शे ना भो, ये, बैस." आबा खाटेवर, मनू खाली, आणि मधल्या सगळ्या थंड परदेशाचं धरणगाव झालेलं…

हळूहळू शेजारची पोरंही जमायला लागली. कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पोट धरधरून हसले, पण आबांना हवं होतं तसं.

तरीही आबा जायला निघालेच. घर बंद पडलंय, उंदीर माजले असतील, असं काहीबाही सांगून. दिवस नेमका रविवार. हे रिक्षा आणायला गेले, आबा पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिले.

आत टीव्ही सुरू झाला. गधडोबा निघाला… आणि मनू ओरडली, "आई, टीव्ही बिघडला! आवाज येत नाहीये!"

बासरी व्यवस्थित वाजत होती. तिला रडू येऊ नये म्हणून मीच सुरू केलं, "अरे गाढवा, कुठे बरं निघालास तू?"

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "गधडोबा असा नाही बोलत."

मी पडले नाशिकची. अहिराणी कळायची, पण जीभ काही वळायची नाही. मनू मात्र तोवर फाटकाशी पोचली होती. आबांचं धोतर ओढत म्हणाली, "आबा, चाला ना! गधडोबा मुका व्हई गया!"

आबा तिच्याकडे बघत राहिले. रिक्षा येऊन थांबली होती. त्यांनी पिशवी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "इतला गधडाले घर पोचाडी देसू, मंग जासू."

झालं! गधडोबा दर रविवारी नव्याने घरातून निघायचा, त्याला पोचवायचं काम काही संपलं नाही. कार्टून बंद झालं तरी आबा आमच्याकडेच राहिले, अगदी शेवटपर्यंत. पिशवीत मी पुढे रजया भरल्या.

आता आम्ही जळगावला असतो. मनू दूर, बर्फाच्या देशात नोकरीला. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात सकाळी सकाळी तिचा फोन आला, "आई, बाहेर बठ्ठी कपाशी फुटनी!"

मला आबा दिसले. डोळे भरून आले आणि हसूही आलं… आणि काही कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, "माय वं! आते वेचाले कोन येई?"

मग मनू म्हणाली,

"आई… आज तू अगदी गधडोबासारखी बोललीस."