येतो म्हणून गेलेला

नांदुऱ्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माय डब्याबरोबर चालत होती. पळत नव्हती, चालत होती. गाडीलाच काही घाई नव्हती. मी खिडकीतून म्हणालो, "जातो मी, माय." ती जागच्या जागी थांबली. "जातो म्हनू नाय रे राघो, येतो म्हन!" मी म्हणालो, "येतो." मग तिचा पदर, फलाट, वडनेर भोलजीकडे वळलेल्या बैलबंड्यांची धूळ, सगळं हळूहळू विरघळत गेलं.

सुखदेव, तू धाकटा. तिच्या शेजारी उभा होतास. दर खेपेला तू एकच लिहितोस, माय विचारून राह्यली, राघो कधी येतो? आणि दर खेपेला मी उलट तुलाच विचारतो, पऱ्हाटीला बोंडं कशी आहेत, बैल कसे आहेत. आज खरं सांगतो. तुला, आणि आपल्या भागातून जे कोणी असे समुद्रापार आले त्यांनाही.

खामगावच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी काम शिकलेला, म्हणून एका कच्छी शेठने मला आफ्रिकेत म्वांझाला आणलं. म्वांझा हे एका अफाट सरोवराचं बंदर. सकाळी पाणी आणि आभाळ यांच्यातली शिवण दिसत नाही. होड्या हवेतून चालल्यासारख्या वाटतात. कधी पाण्यावरून बारीक माश्यांचे ढग उठतात आणि धुरासारखे वाहत जातात. जिनातून सरकीचा गरम वास आला की डोळे मिटून मी खामगावात असायचो. उघडले की नसायचो. बोटीच्या कागदावर माझा मुलूख 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असा लिहिला होता. त्या दोन नावांमधला 'व' होऊन मी किती वर्षं काढली, इकडचाही नाही, तिकडचाही नाही.

पुढे शेठची नोकरी सोडून मी कापूस खरेदीचा स्वतःचा काटा लावला. सरोवराकाठच्या एका गावाचा कापूस मिळाला तरच तो टिकणार होता. त्या गावचा म्होरक्या एक म्हातारा. सगळे त्याला 'म्झे' म्हणत, म्हणजे वडीलधारा. तो म्हणेल तिकडे कापूस जायचा. खामगावात कसं, हातावर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबायची, झाला सौदा. इथे आधी विचारपूस. झोप लागली का, घरची कशी आहेत, गुरं कशी आहेत. मी ती सगळी रीत नीट पाळली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बोलणं जमलं. उन्हं उतरली तसा उठलो आणि मायनं शिकवलेलं स्वाहिलीत म्हणालो, "नाकुजा." येतो.

कापूस वेचून झाल्यावर पुन्हा गेलो, तर बाया तोंडाला हात लावून हसायला लागल्या. "ब्वाना नाकुजा आला!" येतोसाहेब आला! म्झेची बायको मात्र हसली नाही. ती बोलली स्वाहिलीत, पण मला ते आजही आपल्याच बोलीत ऐकू येतं. "आला का रे बाप्पा? कोंबडी तवाच कापली होती तुह्यासाठी. थंडी झाली आता."

तेव्हा उमगलं. इथे 'नाकुजा' म्हणून उठणारा माणूस लगेच परततो. हातपाय धुऊन येतो, फार तर गावात एक चक्कर मारून येतो. त्यांनी त्या दिवशी माझं ताट वाढून ठेवलं होतं. पाहुण्याआधी कोणी जेवेना. दिवस बुडाला तरी म्हातारा दारात बसून होता. आणि येतो म्हणून जो येत नाही, त्याच्या काट्यावर कापूस कोण घालणार?

मी हात जोडून सांगितलं, आमच्याकडे 'जातो' म्हणणं अशुभ. जातो तो मेलेला. म्हणून उठणारा प्रत्येकजण 'येतो'च म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

म्झे म्हणाला, "म्हंजे निघताना खोटं बोलता, अन् ते चांगलं असते?"

"हाव, तसंच."

तो पोट धरून हसला. बायकोलाही हसू आवरेना. हसता हसताच त्यानं विचारलं, "अन् मायले काय म्हनून निघालता?"

"येतो."

"तिले मालूम हाये का, हे नुसतं म्हनायचं असते म्हनून?"

मी उठू लागलो. "जेव आधी," म्हणत त्यानं मला हाताला धरून बसवलं. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, सरोवरातले मासे. त्या हंगामात त्याच्या गावचा कापूस माझ्याकडेच आला. धंदा तरला. निघताना मी आता 'क्वाहेरी' म्हणतो. तो शब्द खरोखर निरोपाचाच आहे. माझ्यासाठी इथे कोणी ताटकळत नाही. ताटकळत राहिली आहे ती तिकडे, एकटी माय.

सुखदेव, मला परत यायचं नाही. लढाई, बोटी, आजारपण, जी कारणं कळवली ती आडोशाची होती. खरं इतकंच की मला इथे बरं वाटतं. सकाळी सरोवराकडे तोंड करून चूळ भरतो. म्झेची सून घागर घेऊन जाता जाता विचारते, झोप लागली का? मी म्हणतो, लागली. आणि खरंच लागलेली असते. स्वप्नात अजून आपलं शेत येतं, धुऱ्याच्या बांधावर माय उभी असते. पण आताशा ती स्वाहिली बोलते, आणि झोपेत मला त्याचं काही नवलही वाटत नाही. जागा झाल्यावर याचं दुःख व्हायला हवं. होत नाही. माझा अपराध म्हणशील तर हाच.

भेटून जाईन असंही लिहीत नाही. ते पुन्हा 'येतो' म्हटल्यासारखंच होईल.

मग तिला काय सांगशील? 'गेला' म्हणू नकोस. त्या शब्दाचा तिच्यापाशी एकच अर्थ आहे. 'येतो' आता माझ्याच्यानं म्हणवत नाही. पण गाडीत बसलेल्या लेकराचा घोर आईला कुठवर असतो? ते ठिकाणी लागेपर्यंत. तेव्हा तिच्याजवळ बस, तिचा हात हातात घे आणि सांग, "माय, राघो पोहोचला."