धानाच्या बांधीतला सेक्स्टंट

चंद्रकुमार टेंभरेला आमगावात सगळे ‘कॅप्टनसाहेब’ म्हणायचे, आणि असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो मनातल्या मनात गाढव म्हणायचा. कॅप्टन तो कधी नव्हताच. मालवाहू जहाजांवर उमेदीची सगळी वर्षं घातली, पण सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावरच्या दुय्यम अधिकाऱ्याच्या, वर चढला नाही. वरच्या परीक्षेला दोनदा बसला, दोनदा नापास झाला, आणि मग परीक्षा घेणाऱ्यांचीच लायकी नाही असं ठरवून मोकळा झाला. हा फरक आमगावला समजावणार कोण? ज्या गावानं समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला, तिथं जहाजावर भांडी घासणाराही कॅप्टनच.

एकदा चहाच्या टपरीवर केवळराम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला विचारलं होतं, “पाण्यावर त रस्ता नाई रायत. मंग जहाजाले घर कसं सापडते जी?” चंद्रकुमारनं चहा संपवला आणि उत्तर न देता उठून गेला. असल्या माणसाला काय सांगायचं!

नोकरी सोडून आल्यावर त्यानं घराच्या मागच्या खोलीत एक टेबल मांडलं, वर भिंगाचा दिवा लावला आणि जुने सेक्स्टंट दुरुस्त करायला घेतले. मुंबई-चेन्नईचे जुन्या वस्तूंचे व्यापारी ते त्याच्याकडं पार्सलनं पाठवत. सेक्स्टंट म्हणजे हातात मावणारी एक पितळी चौकट. खाली अंश कोरलेली कमान, वर सरकणारा दांडा, दोन लहान आरसे आणि एक दुर्बीण. त्यातून बघत, दांडा सरकवून आरशातला सूर्य क्षितिजापर्यंत खाली आणायचा आणि कमानीवर कोन वाचायचा. त्यावरून हिशेब केला की भर समुद्रात आपण कुठं आहोत ते कळतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर हे यंत्र आलं. त्याआधीची जहाजं पूर्व-पश्चिमेचा नुसता अंदाज बांधत जायची, आणि अंदाज चुकला की भरल्या मालासकट खडकावर आपटायची. या चौकटीनं चंद्र आणि एखाद्या ताऱ्यामधलं अंतर मोजता आलं, त्यावरून वेळ काढता आली, आणि माणसाला पाण्यावर आपला पत्ता सापडला.

आणि आता ही यंत्रं विकत कोण घेत होतं? फ्लॅटवाले. टीव्ही आणि प्लास्टिकच्या वेलीच्या मधे लटकवायला. चंद्रकुमार आरशांना नवी चांदी चढवायचा, अडकलेले स्क्रू सोडवायचा, आणि पार्सल बांधताना घेणाऱ्याला दोन शिव्या हासडायचा.

“शिव्या देऊन राहिले त काम कायले घेता जी?” मंजू विचारायची. तो समुद्रावर असताना घर आणि शेत तिनंच ओढलं होतं. नवऱ्याच्या तुसडेपणाला ती फार किंमत देत नसे.

मागच्या हिवाळ्यात ओमेश असाटी त्याच्या दारी आला. गोंदियाचा राइस मिलवाला, गोल चेहऱ्याचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. गोंदिया-आमगाव रस्त्यावर, धानाच्या बांध्यांच्या ऐन मधोमध, त्यानं जहाजाच्या आकाराचं हॉटेल बांधायला काढलं होतं. गोंदियाला जाता-येता चंद्रकुमार बसमधून ते बघायचा आणि दर वेळी तोंड फिरवायचा. सिमेंटचं जहाज, त्याला निळा रंग, नांगर लटकवलेला चुकीच्या टोकाला.

“काका, उद्घाटनाले तुमी पायजेच,” ओमेश म्हणाला. “पांढरी वर्दी घालून गेटवर उभे राहा. बस! पब्लिक खुश हो जायेगी.”

“मी वॉचमन नाही.”

“अरे, वॉचमन कोण बोला? कॅप्टन!” ओमेशला राग येतच नसे. “बरं, ते सोडा. मी सेक्स्टंट आणलेत, भिंतीवर लावायला. एकदम ओरिजिनल. एक बार देख तो लो.”

चंद्रकुमार गेला. फजिती बघायला मिळेल म्हणूनच गेला.

हॉटेलात रंगाचा वास भरला होता. एका लांब टेबलावर ओमेशनं पितळेचा ढीग मांडून ठेवला होता. गुजरातकडच्या जहाज-भंगाराच्या बाजारातून सगळा एकगठ्ठा उचललेला. चंद्रकुमारनं पहिलाच हातात घेतला आणि त्याला हसू फुटलं. त्यावर ठळक अक्षरांत सन ठोकला होता, आणि तो सन सेक्स्टंटचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीचा होता. दुसऱ्याचे आरसे जागीच डकवलेले. तिसऱ्याच्या दुर्बिणीतून अंधार दिसत होता. कमानीवरच्या रेघा तर एखाद्यानं खिळ्यानं ओढाव्यात तशा.

“हा कचरा आहे,” तो म्हणाला. “हाही. हासुद्धा. फसवलं तुला.”

“पण दिसते मस्त ना?” ओमेश म्हणाला.

अशा माणसाशी काय बोलायचं! चंद्रकुमारनं ढिगाच्या तळातला एक काळपट, मळकट सेक्स्टंट ओढून काढला आणि त्याचा हात थबकला. चौकटीवरचा काळा लेप जागोजागी झिजला होता, आरसे कडेनं आंधळे झाले होते. पण पितळी कमानीत चांदीची बारीक पट्टी बसवलेली होती. त्यानं अंगठ्यानं मळ पुसला. पट्टीवर केसापेक्षा बारीक रेघा, एकसारख्या, एकही तिरकी नाही. दांडा अजून लोण्यासारखा सरकत होता. कोपऱ्यात लंडनच्या कुण्या कारागिराचं नाव नाजूक अक्षरांत कोरलेलं होतं, सन-बिन काही नाही. खरा, दीडशे वर्षं तरी जुना. व्यापाऱ्याला कळला नव्हता, ओमेशला तर सात जन्मांत कळला नसता.

“हा तर मोडकाच आहे,” चंद्रकुमार म्हणाला. आवाज त्यानं सपाट ठेवला. “भिंतीवर लावलास तर लोक हसतील. सुट्ट्या भागांसाठी मला चालेल.”

“घेऊन जा ना काका! विचारता काय?” ओमेशनं स्वतःच तो जुन्या टॉवेलात गुंडाळून दिला, आणि बळेच चहाही पाजला.

घरी येताना चंद्रकुमारला जराही टोचलं नाही. ज्याला ताटली आणि सेक्स्टंट यातला फरक कळत नाही त्याच्याकडून घेतलं तर ती चोरी कसली? ते सोडवणं झालं. पुढचे काही दिवस तो त्या यंत्रावर वाकून होता. आरशांना चांदी चढवली, मळ कापसानं टिपून काढला, काळा लेप मात्र होता तसाच राखला. काम करता करता त्याला ते हाताळणारा कुणी गोरा मेट दिसायला लागला. कलकत्त्याहून मजूर भरून मॉरिशसला, फिजीला जाणाऱ्या जहाजांवर असलीच यंत्रं असायची. त्या मजुरांत या मध्य प्रांतातलीही माणसं होती, दलालाच्या थापांना भुलून निघालेली. वर डेकवर मेट सूर्य धरून जहाज कुठं आहे ते काढत असेल, आणि खाली, आपण कुठं चाललो हेच ठाऊक नसलेली माणसं ओकत पडली असतील. चंद्रकुमारला त्या मेटचीही किळस आली. मग आठवलं, आपणही मेटच होतो.

यंत्र तयार झालं तेव्हा एका दुपारी त्यानं मंजूची परात उचलली.

“काऊन जी, परात कायले नेऊन राहिले?”

“क्षितिज करायचंय.”

आमगावात समुद्र नाही, त्यामुळं सरळ क्षितिज नाही. पण परातीत तेल ओतून ते स्थिर होऊ दिलं की त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं. सेक्स्टंटमधून आभाळातला सूर्य त्या तेलातल्या सूर्यावर आणून टेकवायचा आणि येईल तो कोन निम्मा करायचा. अंगणात बसून त्यानं ते केलं. डोक्यावरून बिरसीच्या पायलट शाळेचं एक छोटं विमान घरघरत गेलं. त्यानं वर न बघताच तोंड वाकडं केलं. ती पोरं जीपीएसच्या पडद्यावरच्या ठिपक्यावर विसंबून उडत होती. त्याच्या हातात मात्र दोन्ही सूर्य एकमेकांना अलगद शिवले. तासाभरानं पुन्हा एकदा कोन घेतला, आणि घड्याळातल्या वेळा धरून कागदावर हिशेब केला. आमगाव नकाशावर जिथं आहे, जवळपास तिथंच निघालं.

“मंजू!” तो ओरडला. कित्येक वर्षांत त्याचा असा आवाज तिनं ऐकला नव्हता. “बघ, हे आपलं अंगण! दीडशे वर्षं जुन्या यंत्रानं दाखवलं.”

मंजूनं बघितलं. खरोखर बघितलं, सूर्यावर सूर्य टेकताना बघून “अगं माय!” म्हणाली. मग विचारलं, “हा असाटीनं देल्ला तोच ना? मोडका?”

“मोडका नाही. मी तसं सांगितलं त्याला.”

“खोटं बोलून आणला?”

“त्याला काय कळतंय त्यातलं!”

“तेले नाई कळत, तुमाले त कळते ना?” ती परातीकडं बोट दाखवत म्हणाली. “जिंदगीभर सगळ्या गावाले हलकं समजले. आन् आता चोरी बी त्याच लोकाइच्या घरी? तो माणूस तुमाले चहा पाजून धाडते, आन् तुमी तेलेच ठगवता. तेल गाळून देजा मले, भाजीले लागते.”

ती आत गेली. चंद्रकुमार उन्हात बसून राहिला. तिला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण तो तेल गाळायला लागला.

तिसऱ्या दिवशी तो सेक्स्टंट घेऊन हॉटेलवर गेला. ओमेश नांगराखाली उभा राहून कामगारांवर ओरडत होता.

“हा खरा आहे,” चंद्रकुमार म्हणाला. “तेव्हा मी खोटं बोललो. तुझ्या ढिगातला एवढा एकच खरा.”

असाटी चिडेल, चोर म्हणेल, निदान तोंड तरी पाडेल, असं त्याला वाटलं होतं. त्याची तयारी करूनच तो आला होता. ओमेश मोठ्यानं हसला.

“अरे काका! एवढ्यासाठी आमगावहून आलात? ठेवून घ्या तुमाले पायजे तर.”

“नको. तुझा आहे.” चंद्रकुमारचा आवाज चढला. क्षमासुद्धा इतक्या स्वस्तात मिळावी याचाच त्याला राग आला. “आणि नीट ऐक. याला हात लावू नकोस. कपाटात ठेव.”

“एकदम! काचेच्या कपाटात, बीचोबीच. सबसे खास जगह.”

उद्घाटनाला तो गेला नाही. पंधरवड्यानं मंजूच हट्टाला पेटली, सगळं आमगाव जाऊन आलं, आपणच राहिलो म्हणून. तेव्हा गेला. खलाशाची टोपी घातलेला वेटर त्यांना जागेवर घेऊन गेला. ओमेश स्वतः धावत आला, मंजूला नमस्कार केला आणि चंद्रकुमारचा दंड धरून त्याला मधल्या काचेच्या कपाटापाशी नेलं.

आत तो सेक्स्टंट सोन्यासारखा झळकत होता.

“तुमी ओरिजिनल बोले ना, तर म्हटलं हाच काळा कसा ठेवायचा? भांडे बाजारात नेऊन मशीनवर पॉलिश मारला. समोर उभं राहून, खुद!” ओमेशचा चेहरा आनंदानं फुलला होता. “सगळे याच्याच संगं फोटो काढतात.”

चंद्रकुमारनं कपाट उघडायला लावलं. चांदीच्या पट्टीवर नखानं चाचपलं. नख कुठंच अडकलं नाही. रेघा गेल्या होत्या. एकूण एक. लंडनच्या कारागिराचं नावही गेलं होतं. आता या यंत्रानं कुणालाच कुठलाच पत्ता सांगता येणार नव्हता. ढिगातला सगळ्यात सुंदर कचरा तोच झाला होता.

त्याच्या जिभेवर गाढव हा शब्द आला. त्यानं ओमेशकडं बघितलं. ओमेश शाबासकीची वाट बघत होता. याला काय करायचं नाही ते आपण बजावलं होतं, का करायचं नाही ते सांगितलं नव्हतं. सांगून उपयोग नाही असं ठरवून टाकलं होतं, नेहमीसारखं. तीन वाक्यं पुरली असती.

“कसा दिसते?” ओमेशनं विचारलं.

“चमकतो आहे,” चंद्रकुमार म्हणाला.

तो परत टेबलापाशी आला. मंजूनं डोसा मागवला होता आणि गोल खिडकीतून बाहेरच्या बांध्या बघत बसली होती.

“का झालं जी?”

“रेघा घासून टाकल्या. संपला तो.”

मंजूनं डोशाचा अर्धा तुकडा त्याच्या ताटलीत सरकवला. चंद्रकुमारनं तो खाल्ला. डोसा चांगला होता, नावं ठेवायला जागा नव्हती, आणि तेवढंही त्याला सहन होईना.